पिशवीतले कागद आधी: मुंबईत लोकांच्या केसेस लढू पाहणाऱ्या नव्या वकिलांसाठी

लॉ संपवून आलेली मुलं पहिल्याच भेटीत हमखास म्हणतात, "मॅडम, मला पीआयएल करायच्यात." पीआयएल म्हणजे जनहित याचिका, लोकांच्या हितासाठी कोर्टात केलेली. मी विचारते, "कुणासाठी?" मग जरा वेळ कुणीच काही बोलत नाही. यात त्यांचा दोष नाही. कॉलेजात ओल्गा टेलिस (फुटपाथवरच्या झोपड्यांचा खटला) शिकवतात, हुसैनआरा खातून (खटल्याविना तुरुंगात सडणाऱ्या कैद्यांचा) शिकवतात. निकालाआधी चटईवर बसून कागद कसे लावायचे, हे मात्र शिकवायचं राहून जातं. आमचं निम्म्याहून जास्त काम तेच असतं. म्हणून या लेखात याचिका बरीच उशिरा येईल. घाई असेल त्यांनी खाली उडी मारावी, पण मग परत वर यावं लागेल, एवढं सांगून ठेवते.

सनद आणि पोटापाण्याचं

सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिलकडून घ्यायची. पूर्वी वेगवेगळी राज्यं नोंदणीसाठी हजारो रुपये घ्यायची. गौरव कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं की खुल्या वर्गाकडून ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींकडून १२५ रुपये, यापेक्षा जास्त नोंदणी फी घेता येणार नाही. हा आकडा लक्षात ठेवा आणि पैसे भराल तिथली पावती जपून ठेवा. त्यानंतर बारची अखिल भारतीय परीक्षा. ती मागे पडू देऊ नका, काम सुरू झालं की अभ्यास होत नाही.

आता पैसे. २०२४ मध्ये बार काउन्सिल ऑफ इंडियाने शहरातल्या ज्युनियरला महिना किमान २०,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. फोर्टमधल्या कित्येक ज्युनियरांना तो आकडा ऐकून हसू येतं. सीनियरकडे जाताना पहिल्याच दिवशी रक्कम विचारून घ्या. समाजासाठी काम करणाऱ्याने पैसे विचारू नयेत ही समजूत घरून पैसे येणाऱ्यांना परवडते.

मराठी माध्यमातून आलेल्यांकडे एक भांडवल असतं आणि त्याची त्यांनाच लाज वाटत असते. हायकोर्टाचं काम इंग्रजीत चालतं. १९९८ पासून राज्यातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, आणि पंचनामे, जबाब, नोटिसा तर आधीपासून मराठीतच असतात. यातला प्रत्येक कागद हायकोर्टात लावायचा तर इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. पहिली दोन वर्षं माझा लोकलचा पास भाषांतराच्या पैशांतून निघाला. 'कब्जेवहिवाट', 'मौजे', 'दरोबस्त' हे शब्द मोठमोठ्या सीनियरांना अडवतात. एका भाषांतरात 'सदर इसम' या शब्दांवरून आरोपीचं आडनावच सदर आहे असं धरलेलं मी पाहिलंय. पुढे चार पानं मिस्टर सदर इकडून तिकडे फिरत होते.

एकदम हायकोर्टात जाऊ नका. दोन वर्षं किल्ला कोर्ट, कुर्ला, दिंडोशी, वांद्र्याचं फॅमिली कोर्ट इथे घाम गाळा. रिमांडला (आरोपीला कोठडीत ठेवायचं का, या सुनावणीला) उभं राहिल्याशिवाय अटकेबद्दल लिहिता येत नाही. शिकायला या शहरात जागा कमी नाहीत. इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी १९८१ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्ह इथेच उभं केलं. बायकांच्या केसेस लढणाऱ्या मजलिसमागे फ्लेव्हिया अ‍ॅग्नेस आहेत. त्याच्याही आधी, १९२३ मध्ये, बाबासाहेब याच हायकोर्टात वकिलीला उभे राहिले आणि परळच्या दामोदर हॉलमधून काम करू लागले. १९३४ मध्ये र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा कर्व्यांची बाजू त्यांनी मांडली. तो खटला ते हरले. हरलेल्या केसेस कुणी सांगत नाही म्हणून मुद्दाम सांगितलं.

पहिली भेट

मानखुर्दच्या एका बुद्धविहारात रविवारी संध्याकाळी बैठक होती. पाडकामाची नोटीस आली होती. एक मावशी पुढे आल्या. हातात साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आत दुसरी पिशवी, तिच्या आत रबरबँड लावलेला गठ्ठा. "सगळं आहे बघा मॅडम, काय पण सोडलं नाय." खरंच सगळं होतं. फोटोपास (झोपडीधारकाचं सरकारी ओळखपत्र), दोन जुनी रेशनकार्डं, विजेची बिलं, मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला, वर एक लग्नपत्रिका. नवा वकील फोटोपास उचलतो आणि बाकीचं परत देतो. ते करू नका. त्या दिवशी खरा उपयोगी ठरला तो लसीकरणाच्या कार्डावरचा पत्ता आणि तारीख, कारण फोटोपासवरचा आकडा पाण्याने पुसला गेला होता.

कागद कसे घ्यायचे ते नीट वाचा, कारण यात मी स्वतः माती खाल्ली आहे. मूळ कागद घरी न्यायचा नाही. तिथेच मोबाईलवर फोटो, शेजारच्या दुकानात झेरॉक्स, मूळ प्रत त्याच मिनिटाला परत. काय पाहिलं, काय परत दिलं याची यादी दोन प्रतींत करा, खाली दोघांच्या सह्या किंवा अंगठा. दुसऱ्या वर्षात मी एका कुटुंबाचं मूळ रेशनकार्ड "उद्या देते" म्हणून घेतलं आणि हार्बर लाइनच्या गाडीत फाईलसकट विसरले. दुसरं कार्ड निघायला सात महिने लागले. तोवर त्या घरी धान्य विकत आणत होते. त्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही, त्याचंच जास्त लागलं.

मग दोनशे पानी वही काढा आणि पानावर तीन रकाने पाडा. तारीख, काय झालं, आणि हे कशावरून. लोक काळ असा सांगतात: "पूर आला त्या साली", "धाकटीच्या बारशाच्या आधी". हसू नका. पूर म्हणजे २६ जुलै २००५, धाकटीचा जन्मदाखला मागा, तारखा आपोआप जागेवर बसतात. तिसरा रकाना जिथे रिकामा राहील तिथे पुढचं काम आहे. हायकोर्टात याचिकेच्या सुरुवातीला सिनॉप्सिस (थोडक्यात हकीकत) आणि तारखांची यादी लागते, ती याच वहीतून निघते.

नावांचा घोळ पहिल्याच दिवशी पकडा. कार्डावर शेवंता, मतदार यादीत शांताबाई, आधारवर सासरचं आडनाव. समोरचा वकील नेमका हाच धागा ओढतो. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवलं की त्याच्या हाती काही उरत नाही.

आणि विचारा, तोडायला आलं कोण? वस्तीत सगळ्यांना 'साहेब' म्हणतात. महापालिका, कलेक्टर, म्हाडा, रेल्वे, वनखातं, एमएमआरडीए, सगळ्यांच्या गाड्या सारख्याच दिसतात. मुंबईत जमीन कुणाची यावर कायदा बदलतो, म्हणून सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढल्याशिवाय एक ओळही लिहू नका. नोटिशीवरचं कलम बघा. महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातल्या कलम ३५१ खाली नोटीस देऊन उत्तर मागवावं लागतं. कलम ३१४ मात्र नोटिशीशिवाय हटवायची मुभा देतं आणि ओल्गा टेलिसमध्ये भांडण त्याच कलमावर होतं. झोपडपट्टी कायद्यात १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या दोन तारखा पाठच करा; झोपडी त्यांच्या आधीची की नंतरची, यावर हक्क ठरतो. अख्ख्या घराचं नशीब त्यांच्या अलीकडे-पलीकडे असतं.

बैठक कधी घ्यायची हेही कायद्याइतकंच महत्त्वाचं. दुपारी घेतलीत तर पुढारी आणि रिकामटेकडे पुरुष भेटतात. घरकाम करणाऱ्या बायका रात्री साडेआठनंतर किंवा रविवारी मोकळ्या होतात. पाणी किती वाजता येतं, हंड्याला किती पैसे पडतात, पोलीस कुणाला काय बोलले, हे त्यांना माहीत असतं. याचिकेतली जिवंत वाक्यं त्यांच्याकडून येतात.

निवेदन आणि पोच

माझं स्वतःचं पहिलं मॅटर साडेतीन मिनिटांत संपलं. मी घटनेच्या कलम २१ पासून (जगण्याचा हक्क) सुरुवात केली. न्यायमूर्तींनी शांतपणे विचारलं, निवेदन दिलं होतं का? खरं उत्तर होतं: दिलं होतं, तोंडी. कोर्टाने अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची मुभा दिली आणि पुढचं मॅटर पुकारलं. बाहेरच्या लाकडी बाकावर माझ्यासोबत आलेल्या चार बायका विचारत होत्या, "जिंकलो ना आपण?"

तेव्हापासूनचा नियम: आधी लेखी निवेदन. मराठीत, योग्य अधिकाऱ्याच्या पदनामाने, मागणी एका वाक्यात, सोबतच्या कागदांची यादी खाली. वॉर्ड ऑफिसच्या आवक खिडकीवर द्यायचं आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यायची. ही पोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजा. खिडकीवरचा माणूस घेत नसेल तर स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि ट्रॅकिंगचं पान वहीला टाचा.

सोबत माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर १५० शब्दांत. म्हणून भाषण करू नका. "का तोडलं?" असं विचारलं तर "प्रश्नार्थक माहिती देता येत नाही" असं ठरलेलं उत्तर येतं. "अमुक तारखेच्या निष्कासन कारवाईच्या आदेशाची, सर्वेक्षण यादीची आणि पंचनाम्याची प्रत द्यावी" असं मागा. मुदत ३० दिवस. माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण तसं अर्जावर ठळक लिहा. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील लगेच करा, कंटाळा करू नका. न आलेलं उत्तरही कोर्टात कामी येतं.

रस्ता कुठला

दहा जण येतात त्यातल्या आठांना पीआयएलची गरज नसते. काहींना रिट (स्वतःच्या हक्कासाठी हायकोर्टातली याचिका) लागते, काहींना लेबर कोर्ट, काहींना फक्त पोलीस ठाण्यात सोबत येणारं कुणीतरी.

मुंबईचा कचरा उचलणाऱ्या कंत्राटी कामगारांची लढाई बघा. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ती औद्योगिक न्यायाधिकरणापासून सुरू केली. कंत्राट हे सोंग आहे आणि खरा मालक महापालिका आहे, हे साक्षी-पुराव्याने शाबीत करावं लागलं. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय टिकला. हे पीआयएलने झालं नसतं. पीआयएलमध्ये साक्षीदाराची उलटतपासणी होत नाही, आणि नोकरीचे वाद तर तिथे घेतच नाहीत.

एफआयआर घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) कलम १७३(४) खाली वरिष्ठांना लेखी कळवा, मग मॅजिस्ट्रेटकडे. अटक झाली असेल तर घड्याळ बघा: २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर केलंच पाहिजे, आणि चौकशीदरम्यान वकिलाला भेटण्याचा हक्क आहे. ठाण्यात आवाज चढवून काही मिळत नाही. स्टेशन डायरीत नोंद करायला सांगा आणि आपण आलो ती वेळ स्वतःच्या वहीत लिहा. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात कलम १८-अ मुळे एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. "आधी चौकशी करतो" म्हणाले की ते कलम छापील स्वरूपात पुढे ठेवायचं.

राज्य मानवी हक्क आयोग सीएसएमटीसमोरच आहे. तक्रार मराठीत चालते, फी नाही, पण घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. फीच परवडत नाही म्हणणाऱ्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडे न्या. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग, कोठडीतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हे बहुतेकांना माहीतच नसतं. हेल्पलाइन १५१००. पुढेमागे तुम्हीही त्या पॅनेलवर या.

आणि कधीकधी पत्रही पुरतं. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांना मारहाण होते असं पत्र सुप्रीम कोर्टाला लिहिलं, त्याचीच याचिका झाली. १९८३ मध्ये कोर्टाने स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि महिला पोलिसांचा पहारा असे आदेश दिले. त्याआधी त्या स्वतः तुरुंगात जाऊन पंधरा स्त्रियांशी बोलल्या होत्या, हे विसरू नका.

आता पीआयएल

मुंबई हायकोर्टाचे पीआयएल नियम २०१० चे आहेत. बलवंत सिंह चौफाल प्रकरणात सुप्रीम कोर्टाने प्रत्येक हायकोर्टाला नियम करायला सांगितलं, त्यातून ते आले. याचिकाकर्त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय, उत्पन्न, पॅन, या विषयात त्याचा खासगी स्वार्थ आहे का, पूर्वी कुठे दावे केलेत का, सगळं शपथेवर लागतं. एक जुनं भांडण लपवलं तरी याचिका जाते, वर दंड बसतो. म्हणून याचिकाकर्ता निवडताना वस्तीतला सगळ्यात मोठ्याने बोलणारा माणूस घेऊ नका. बिल्डरशी त्याचा काही व्यवहार आहे का, हे शेजारणीला विचारा. आणि तुम्ही स्वतः याचिकाकर्ते होऊ नका. काळा कोट आणि तक्रारदार एकाच अंगावर शोभत नाहीत.

हायकोर्टाच्या दोन शाखा आहेत: मुंबईतलं मॅटर ओरिजिनल साइडला जातं, बाहेरचं अ‍ॅपेलेट साइडला. दाखल केल्यावर ऑफिस ऑब्जेक्शन निघतात: पान पुसट, भाषांतर नाही, सही राहिली. ती स्वतः काढा, क्लार्कवर टाकू नका. ज्युनियर नव्यानेच आलाय हे डिपार्टमेंटला कळतं आणि तिथले जुने लोक सांभाळून घेतात, नम्रपणे विचारलंत तर. रोज संध्याकाळी बोर्ड, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या केसेसची यादी, बघा. मॅटर बोर्डावर नसेल आणि घाई असेल तर प्रिसिपी (सुनावणीसाठीचा छोटा लेखी अर्ज) देऊन सकाळी मेन्शन करायचं, म्हणजे कोर्टापुढे तोंडी विनंती करायची, दोन वाक्यांत. तिसरं वाक्य ऐकून घेत नाहीत.

मागण्या लहान ठेवा. "वस्तीला न्याय द्या" असं कोर्ट लिहून देऊ शकत नाही. "अमुक तारखेच्या अर्जावर चार आठवड्यांत निर्णय घ्या", "तोवर पाडू नका" हे देऊ शकतं. अंतरिम मागणी शेवटी आठवली म्हणून जोडू नका, आधी लिहा. आरेचं आठवा, मेट्रो कारशेडसाठी झाडं तोडायचा वाद. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री आरेत करवती चालू झाल्या. कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या पत्रावर सुप्रीम कोर्टाने ७ तारखेला थांबा म्हटलं, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं पडली होती. निकाल विरोधात जाणार असं वाटत असेल तर स्थगितीचा अर्ज आणि वरच्या कोर्टाची कागदपत्रं आदल्या दिवशीच तयार ठेवा.

निवाडे वाचताना शेवटचं पान वाचा. ओल्गा टेलिसमध्ये उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग, हे वाक्य सगळे लिहितात. त्याच निकालात १० जुलै १९८५ ला कोर्टाने पावसाळा संपल्यावर हटवायची परवानगीही दिली. १३ नोव्हेंबर २०२४ चा, बुलडोझरने घरं पाडण्याबद्दलचा सुप्रीम कोर्टाचा निकालही तसाच. पाडण्याआधी किमान १५ दिवसांची नोटीस हवी, हे खरं. पण रस्ता, फुटपाथ, रेल्वे रूळ, नदी-तलाव यांवरची बांधकामं त्यातून वगळली आहेत, आणि आपले अशील नेमके तिथेच राहतात. हे तुम्हाला माहीत नसेल तर समोरचा सांगेल, आणि तेव्हा तोंड लपवायला जागा नसते.

चार गोष्टी सांभाळायच्या

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव, फोटो, ओळख पटेल असा पत्ता कुठेही जाऊ द्यायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरसुद्धा नाही. भरपाईत टक्का ठरवायचा नाही, बार काउन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. अपघाताच्या किंवा आगीच्या जागी व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरायचं नाही. पत्रकारांशी बोलायचं ते याचिकेत जे लिहिलंय तेवढंच.

भीतीबद्दलही एकदा बोलायला हवं. वकील शाहिद आझमी यांना ११ फेब्रुवारी २०१० ला कुर्ल्याच्या त्यांच्याच ऑफिसात गोळ्या घातल्या. ते २६/११ च्या खटल्यातला आरोपी फहीम अन्सारी याचा बचाव करत होते. तीनेक महिन्यांनी अन्सारी निर्दोष सुटला. रोज असं घडत नाही, पण ऑफिसात एकटं बसू नका, संवेदनशील फाईलची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवा, आणि धमकीचा फोन आला तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा.

आदेश मिळाला, मग?

इथे नवे वकील पेढे वाटतात आणि पुढच्या मॅटरला लागतात. प्रमाणित प्रत काढा. सोबत एका पानाचं मराठी पत्र जोडून संबंधित अधिकाऱ्याला बजावा आणि पुन्हा पोच घ्या. आदेशातली मुदत ज्या दिवशी संपते त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख वहीत लाल पेनने लिहा. अवमान याचिकेला एक वर्षाची मर्यादा आहे आणि ते वर्ष फार लवकर जातं.

पाणी हक्क समितीच्या पीआयएलमध्ये १५ डिसेंबर २०१४ ला हायकोर्टाने म्हटलं की झोपडी बेकायदा आहे म्हणून माणसाचं पाणी तोडता येत नाही, महापालिकेने धोरण ठरवावं. धोरण यायला, मग ते वॉर्डापर्यंत उतरायला वर्षं गेली. त्या आदेशाची मराठी प्रत घेऊन मी एका वस्तीत गेले होते. समाजमंदिरात पंचवीसेक बायका. मी सगळा वाचून दाखवला, अवघड वाक्यं दोनदा. संपल्यावर मागून एका आजींनी विचारलं, "म्हंजी नळ कधी?"

"आजी, आधी अर्ज भरायचाय."

"मग भर की."

रात्री अकरापर्यंत आम्ही एकोणीस अर्ज भरले. विसाव्या बाईकडे रेशनकार्ड नव्हतं. तिला सकाळी वॉर्ड ऑफिसच्या दारात भेटायला सांगितलं, येताना घरातली सगळी पिशवी घेऊन.